घरचेच कपडे

नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखाली अणुस्फोट झाला, की त्याचा किरणोत्सारी वायू वर येऊ नये, म्हणून बॉम्ब उतरवलेलं विवर आधीच वाळूखडीने ठासून बुजवायचं, हे व्हर्नचं काम. घरी मात्र त्यातलं अवाक्षर काढायची बंदी.

संध्याकाळी घरी येताच त्याने बाळाकडे हात पसरले. त्याची बायको लिओना बाळाला घेऊन मागे सरकली.

"सकाळी कपाटातल्या बश्या खुळखुळल्या. काय केलंत रे तिथे?"

"वाळू टाकली."

"आणि?"

"खडी."

तिने त्याला नीट न्याहाळलं. शर्ट, पँट, बूट.

"मोजेसुद्धा घरचे, कालचेच! शी, काय वास मारतोय!" म्हणत तिने खुशीत बाळ त्याच्या हातांत दिलं. "मागच्या स्फोटानंतर सरकारी डगल्यात, सरकारी मोज्यांत आलास, आठवडाभर बाळापासून लांब राहिलास, आणि म्हणे कपड्यांवर कॉफी सांडली. मोज्यांवरसुद्धा?"