टेपमधला जीव

भारतनं हैदराबादहून जुना वॉकमन आणला अन् कॅसेटी मागायला थेट बाजारहत्नूरला आत्याकडे आला. "मोबाईलचं गाणं मेलेलं असते, आत्या. जीव टेपमंदीच असते!"

"टेप वावरात हाये ना," बयनाआत्या म्हणाली. "पाखरं ज्वारी खाऊन राह्यले, म्हनून साऱ्या कॅसेटी उकलून वावरभर बांधल्या. तरी भेत नाहीत मेले."

भारतचं तोंड उतरलं, पण फॉलोअर्सना रीलचा शब्द देऊन बसला होता. मग काय, गडी ज्वारीत उभा राहिला. रिकामा वॉकमन गळ्यात, हेडफोन कानावर, डोळे मिटून, हात पसरून डोलायला लागला. भर्रकन अख्खा थवा उडाला.

आत्या वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून आनंदानं ओरडली, "बाबू, कापनी होईपर्यंत इथंच राय रे!"