घुटीतले चार थेंब

पाळण्यात बाळाने टाहो फोडला होता आणि केतकी शेजारीच बसून निवांत गवार मोडत होती. तिची आई, शालनताई, हातातली पूजा अर्धवट टाकून धावत आल्या.

"अगं, पोर रडून रडून लाल झालंय! ऐकू येत नाही का तुला?"

"येतंय की." केतकीने मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. "पण पट्टा अजून वाजला नाही, आई. वाजला की घेते."

शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भूक लागली की पट्टा, चटका बसला की पट्टा, आणि आता पोटच्या पोरालाही पट्टाच! केतकीच्या वयाच्या निम्म्या मुलींचं हेच होतं. डॉक्टरांनी दहादा समजावलं होतं, बाळाने रडू नये म्हणून तान्हेपणी दिलेल्या शांतिथेंबांनी मेंदूतल्या निरोपांची वाटच बदलली. रडणं कानापर्यंत पोचतं, पण 'ऊठ' हा निरोप पुढे जात नाही. बाटलीवर दोन थेंब लिहिलेले असायचे. शालनताई रोजच्या घुटीत चार घालायच्या.

त्यांनी बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. "कसली गं आई तू! दगड आहेस नुसती!"

केतकीला राग आला नाही. तिने सहजच विचारलं, "मी रडायचे, तेव्हा तू लगेच उचलायचीस?"

'तू कधी रडलीच नाहीस.' पंचवीस वर्षं शालनताई हे कौतुकाने गावभर सांगत आल्या होत्या. आज ते त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.