लोआन ताईंच्या हातचं खिमट

हायफाँगच्या बाजारात मी लहान बाळांचं खिमट विकते. आज माझं जुनं गिऱ्हाईक तुयेत डबा न घेताच आली.

"मावशी, आजपासून नको हं. फोनवरच्या व्हिडिओत त्या लोआन ताई म्हणतात, रस्त्यावरचं खिमट पोराला भरवते ती आई कसली, ती तर कामचुकार बाई! त्या रोज स्वतःच्या हातचं करून दाखवतात. हे बघा, किती मऊसूत!"

मी बघितलं. "छान आहे हो. चल, बाजूला सरक."

तिच्या मागे नेहमीसारखी मास्क लावून एक बाई उभी होती. मी तिच्या हातातला डबा ओढून घेतला.

"बोला लोआन ताई, आज तुमच्या हातचं कशाचं देऊ? वाम माशाचं की कबुतराचं?"