हाताला बसणारं रिव्हॉल्व्हर

प्रीताचं घोडं आठ आणि सहा यांच्यात अडलं होतं. बंदुकीच्या दुकानात, काउंटरवरच्या रबरी चटईवर दोन रिव्हॉल्व्हरं होती. एकात आठ गोळ्या बसायच्या, ते अंगानं दांडगं. दुसऱ्यात सहा, ते आटोपशीर. नेमबाजीच्या मॅचमध्ये घड्याळ लावून, पळत पळत पोलादी ताटल्या पाडायच्या असतात. तिथे सहावाली बाई सारखी गोळ्याच भरत बसणार आणि आठवाले पुढे निघून जाणार. म्हणजे घ्यायचं ते आठचंच. हे सगळं तिला पाठ होतं. फक्त तिचं बोट त्याच्या चापापर्यंत धड पोचत नव्हतं, आणि मागे आई उभी होती.

आई खरं तर गाडीतच बसणार होती. रेडमंडच्या पावसात गाडी गार पडली तशी आत आली, आणि विकायला टांगलेल्या शिकाऱ्यांच्या कोटांपाशी पर्स पोटाशी धरून उभी राहिली. फ्रीमाँटच्या आपल्या घरून लेकीकडे आल्यापासून तिनं या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं होतं ते त्याआधी, फोनवर: "ती वस्तू घरात आणलीस तर मी तुझ्याकडे पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आई उगाच धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. म्हणाली की म्हणाली. आजवर प्रीतानं रेंजवर मैत्रिणीचं रिव्हॉल्व्हर मागून वेळ भागवली होती. आता स्वतःचं घ्यायचं आणि आईलाही गमवायचं नाही, असा तिचा बेत होता. तो जमवायचा कसा, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

दुकानाचा मालक वॉल्ट पांढऱ्या दाढीचा, मवाळ माणूस. त्यानं आठचं उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि चाप ओढून बघायला सांगितलं. प्रीतानं भिंतीकडे नेम धरला. चाप लांबपर्यंत ओढावा लागत होता, जडही होता. तिनं पुन्हा ओढला.

"मनगट वाकतंय," मागून आई म्हणाली.

प्रीताला वाटलं, भास झाला.

"बोट पोचत नाही म्हणून तू अख्खा हात फिरवतेस. दोन वर्षांत मनगट जाईल. माझं गेलं तसं."

आई दातांची डॉक्टर. पुरुषांच्या पंजाच्या मापाच्या पकडी जन्मभर धरून तिच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं होतं. त्या हाताला आता भरलं पातेलं पेलत नाही. आणि दोघींचे हात एकाच मापाचे. बांगड्या एकमेकींच्या घालायच्या.

"आई, प्लीज. आय नो व्हॉट आय अ‍ॅम डूइंग."

"दिसतंय ते."

"मग तूच बघ ना!" प्रीता वैतागली. तिनं रिव्हॉल्व्हरचं गोळ्या भरायचं चक्र उघडलं आणि ते आईपुढे धरलं.

आई झटकन मागे सरली. "हातात देऊ नकोस! खाली ठेव. खाली ठेव ते आधी."

प्रीताचा चेहरा पडला. संपलं म्हणायचं. वॉल्टनंही भल्या माणसासारखी नजर दुसरीकडे वळवली. तिनं रिव्हॉल्व्हर चटईवर ठेवलं. तिशी उलटलेली बाई बंदुकीच्या दुकानात रडायला लागली, तर त्या बिचाऱ्यानं काय समजायचं? चटईच त्याच्याकडे परत सरकवावी म्हणून तिनं हात पुढे केला.

तेवढ्यात आईनं पर्स खांद्याला अडकवली आणि चटईवरचं रिव्हॉल्व्हर स्वतः उचललं.

"कुठे धरू?"

"भि... भिंतीकडे."

आईनं ते दोन्ही हातांनी धरलं, कपाळाला आठी घालून, एखाद्याची दाढ तपासावी तसं. बोट चापाकडे नेलं. अर्ध्यावरच राहिलं. तिनं मूठ वळवून पाहिली, मग वॉल्टकडे वळून क्लिनिकमधल्या इंग्रजीत विचारलं, "डू यू हॅव अ थिनर ग्रिप?"

वॉल्ट खूष झाला. त्यानं खण उपसून एक बारीक लाकडी मूठ शोधली आणि जाड मूठ काढून ती बसवली. आईनं पुन्हा उचललं. या वेळी बोट पोचलं, मनगट सरळ राहिलं. तिनं सावकाश चाप ओढला, आवाजानं दचकली, आणि रिव्हॉल्व्हर चटईवर जिथल्या तिथे ठेवून दिलं.

"आता तू बघ."

प्रीतानं उचललं. हात त्यावर असा बसला की दुसऱ्याकडे बघायची गरजच उरली नाही. "हेच," ती वॉल्टला म्हणाली, आणि तो कागदपत्रं आणायला आत गेला.

"मग मघाशी का नाही घेतलंस?" प्रीतानं विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "आय थॉट... मला वाटलं, तू आता निघूनच जाणार."

"अगं, असली वस्तू हातातून हातात देऊ नये. भांडण होतं. सुरी, कात्री तरी कधी दिली का मी तुला हातात? आपली झालीत तेवढी भांडणं पुरेत."

प्रीताला हसू फुटलं, डोळे भरलेले असतानाच. "आई, कमॉन! क्लिनिकमध्ये तुझी असिस्टंट दिवसभर तुझ्या हातात देते. सुया, ब्लेडं, एव्हरीथिंग!"

"देते की," आई म्हणाली. "ती काय माझी मुलगी आहे?"