प्लग काढला का?

"बसा हो बाबा, मी आहे ना!" सून म्हणाली.

सासरे शेडच्या दारातच थबकले होते. आत गवत कापायचं मशीन आडवं केलेलं होतं, पातं समोर. याच मशीनने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. तेव्हापासून हा हाडाचा मिस्त्री खिडकीपाशी नुसता बसून असायचा. जेवायला हाक मारली की उठायचा, एवढंच. सुनेला ते बघवेना. आठवडाभर तिने त्यांचा पिच्छा पुरवला होता.

"प्लग?" त्यांनी विचारलं.

हा नियम त्यांनीच घातलेला. पात्याला हात लावायच्या आधी इंजिनाचा प्लग काढायचा आणि दुसऱ्याच्या मुठीत द्यायचा. पातं थेट इंजिनाला जोडलेलं, नुसतं हाताने फिरवलं तरी इंजिन पेट घेऊ शकतं. पण प्लग नाही तर ठिणगी नाही, मग मशीन चालू व्हायचा प्रश्नच नाही.

सुनेने अंगणाकडे हाक दिली, "अहो, प्लग काढलात का?"

"कालच काढला! फळीवर आहे बघ," नवरा नळी गुंडाळता गुंडाळता ओरडला.

फळीवर प्लग होताच. तिने तो सासऱ्यांपुढे धरला.

"अरे बापरे, केवढी ही काजळी! बदला म्हणावं."

"सांगते. आता बसा बघू." तिने मूठ घट्ट मिटली.

सासऱ्यांनी जाड हातमोजे चढवले. पातं हलू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवला, पान्याने नट सैल केला. सुरुवातीला कानस दोनदा निसटली. मग ती धारेवरून एकाच दिशेने सरकायला लागली आणि हात जुन्या सवयीने चालू लागला. पातं खिळ्यावर टांगून त्यांनी दोन्ही बाजूंचं वजन पाहिलं. जड बाजू आणखी थोडी घासली.

"तुझा नवरा गवत कापतो की दगड फोडतो गं?"

"दोन्ही!" ती म्हणाली, आणि बाबा चक्क खो खो हसले. किती दिवसांनी हसत होते! उद्यापासून हा माणूस खिडकीपाशी बसणार नाही, तिची खात्रीच पटली.

त्यांनी पातं परत बसवलं, नट आवळला, ठोकळा काढून घेतला.

"वाकडं बसलंय का, एकदा हाताने फिरवून बघतो," ते म्हणाले. आणि त्यांनी तिच्या मुठीकडे पाहिलं.

"खुशाल फिरवा!" तिने मूठ उघडून दाखवली.

"अगं, तो जुना फेकून दे, काल काढून नवा बसवलाय मी," असं नवरा दारातून म्हणेपर्यंत बाबांनी पातं जोरात फिरवलं होतं.