मिटल्या डोळ्यांचं ऐकणं

प्रभाताई लेकीचं गाणं नेहमी डोळे मिटून ऐकत. यांत्रिक कान बसवल्यापासून मात्र बंदिश रंगात आली की त्यांना ऐकूच येईनासं व्हायचं. गाणं संपल्यावर त्या नुसतं "छान" म्हणत आणि रेवती हिरमुसायची. शेवटी त्यांनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा रेवतीने कान दुरुस्त करणाऱ्या निखतला बोलावलं.

निखतने कानांमागे गुपचूप चालणारा राखणदार तपासला. बॅटरी पुरावी म्हणून कान कधी झोपवायचे, हे तो छोटासा प्रोग्रॅम ठरवायचा.

"काम अगदी चोख करतोय," ती कौतुकाने म्हणाली. "पापण्या मिटल्या की माणूस झोपला, असं समजून कान बंद करतो. त्याला बनवणारे गाणं डोळे उघडे ठेवून ऐकत असतील."

"मग काढून टाक ना त्याला," रेवती म्हणाली.

"मग बॅटरी दुपारीच संपेल. त्यापेक्षा शिकवू या. काकू, ऐकताना तुमची बोटं ताल धरतात ना?"

तिने प्रभाताईंच्या मनगटाला एक पट्टा बांधला. बोटं ताल धरत असतील तर कान जागे ठेवायचे, एवढंच तिने राखणदाराला शिकवलं.

रेवतीने बंदिश सुरू केली. प्रभाताईंचे डोळे मिटले, बोटं मांडीवर हलू लागली. कान जागे असल्याचं दाखवणारा पट्ट्यावरचा हिरवा दिवा विझला नाही.

"थांब," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "पंचम उतरलाय. लक्ष कुठंय तुझं?"

कित्येक महिन्यांनी आई रागावली होती. रेवतीने डोळे पुसले आणि पंचम पुन्हा लावला.