चार-एक

कोल्हापुरातल्या एका तालमीनं फुटबॉल संघातले सगळे जुने खेळाडू घरी बसवून नवी पोरं घेतली होती. त्यांचा पहिला सराव सामना बघून दत्तोबा सासने पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आले.

"जिंकलो?" त्यांच्या बायकोनं, शालननं विचारलं.

"चार-एकनं हरलो."

"मग पेढे कशाचे?"

"अगं, गेल्या साली आठ गोल खाल्ले होते! नवा संघ बांधायचा म्हंजे वेळ लागतोय."

अकरा वर्षं हेच ऐकणाऱ्या शालननं तरी पेढा उचलला. "आपला गोल कुणी मारला?"

दत्तोबांनी डोकं खाजवलं. "त्यांच्याच बॅकनं. चुकून."

शालन खदाखदा हसली. मग एकदम थांबली. "पण अहो, आपली पोरं अंगावर गेली म्हणूनच घाबरला असंल की तो!"

दत्तोबांनी अख्खा पुडाच तिच्यापुढं सरकवला.